जर्मनीत विद्यार्थ्याला बस-रेल्वेची सवलत किती, आणि महिन्याचा खर्च किती?

नाशिकहून एका आईने विचारलं आहे: मुलगी २६ वर्षांची, मेकॅनिकल इंजिनिअर. तीन वर्षं नोकरी करून आता मास्टर्ससाठी जर्मनीला निघाली आहे. हातात तीन प्रवेश आहेत: आखेन, श्टुटगार्ट आणि बर्लिनमधलं एक खासगी विद्यापीठ. शैक्षणिक कर्ज काढायचं आहे. परदेशी विद्यार्थ्यांना तिथे बस-रेल्वेत सवलत मिळते का, महिन्याला एकूण किती लागतात, भाडं वाचवायला शहराबाहेर राहिलं तर चालेल का, आणि रात्री उशिरा एकटीने गाडीने घरी येणं कितपत बरं?

मी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात, म्हणजे आखेन ज्या राज्यात आहे तिथे, परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्ला केंद्रात बरीच वर्षं काम करते. हे चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर थोडं लांबणार.

सवलत मिळते, आणि ती पासपोर्ट बघून ठरत नाही. सगळ्याच देशांत असं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीला, पूर्ण फी भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला बस-रेल्वेचं सवलतीचं ओपल कार्ड मिळत नाही. लंडनमध्ये विद्यार्थ्यांचं ऑयस्टर कार्ड परदेशी मुलांनाही मिळतं, पण त्यातली ३० टक्के सूट पासावर असते, सुट्या फेरीवर नाही. जर्मनीत प्रश्न एवढाच असतो की तुमच्या मुलीचं नाव कोणत्या संस्थेच्या पटावर आहे आणि ती संस्था कोणत्या राज्यात आहे. म्हणूनच तिच्या तीन प्रवेशांची तीन वेगवेगळी उत्तरं येतात.

आधी मूळ गोष्ट. मे २०२३ पासून जर्मनीत ‘डॉइचलँड-टिकट’ नावाचा मासिक पास आहे. सुरुवातीला ४९ युरो होता, जानेवारी २०२५ मध्ये ५८ झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३. या एका पासात देशभरातल्या लोकल, प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम आणि शहर बस येतात. विद्यार्थ्यांसाठी याचंच स्वस्त रूप २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून निघालं, त्याला सगळे ‘सेमिस्टर तिकीट’ म्हणतात. त्याची किंमत मूळ पासाच्या ६० टक्के. म्हणजे ६३ च्या हिशोबाने महिन्याला ३७.८० आणि सहा महिन्यांच्या सत्राला २२६.८० युरो.

आपल्याकडे एसटीच्या विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत असते, पण त्यासाठी कॉलेजचा शिक्का, अर्ज हे सगळं करावं लागतं, आणि पास हवा तोच काढतो. जर्मनीतलं सेमिस्टर तिकीट ‘हवं त्याने घ्यावं’ असं नसतं. विद्यार्थी संघटना सगळ्यांच्या वतीने वाहतूक कंपन्यांशी करार करते आणि पैसे सत्राच्या शुल्कातच कापले जातात. वसतिगृहातून चालत वर्गात जाणारा मुलगाही तेवढेच भरतो. सगळे भरतात म्हणूनच दर इतका खाली राहतो. दीर्घ परदेशी इंटर्नशिप, रजेचं सत्र, गंभीर अपंगत्व अशा मोजक्या कारणांनी सूट मागता येते, तीही ठरलेल्या मुदतीत.

आखेनच्या सरकारी विद्यापीठात हीच पद्धत आहे. सत्राचं शुल्क तीनशे युरोंच्या वर जातं. ते पाहून पालक घाबरतात, ‘फी नाही म्हणाले होते ना?’ असं विचारतात. त्या रकमेत शिकवणीची फी नसते. मोठा वाटा तिकिटाचाच, बाकी विद्यार्थी कल्याण संस्थेचा म्हणजे स्टुडिएरेंडेनवेर्कचा आणि विद्यार्थी संघटनेचा. एक मात्र तपासा: आखेनमध्येही काही सशुल्क मास्टर्स आहेत. प्रवेशपत्रात शिकवणी शुल्काचा आकडा आहे का, ते आजच नीट वाचा.

श्टुटगार्ट बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात येतं. तिथे युवा पासाची योजना आहे. हा पासही देशभर चालतो, पण विद्यार्थ्यांना तो २७ व्या वाढदिवसापर्यंतच मिळतो. तुमची मुलगी आज २६ ची आहे. पहिल्या वर्षातच ती या सवलतीबाहेर जाईल आणि उरलेला काळ स्थानिक पास किंवा पूर्ण ६३ युरोंचा पास धरावा लागेल. नोकरी करून मग मास्टर्सला येणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही वयाची अट फार नडते, आणि एजंट ती कधीच सांगत नाहीत. तरीही श्टुटगार्टचा निर्णय तिकिटावर घेऊ नका. त्या राज्यात २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे. चार सत्रांचे ६,००० होतात. शंभर रुपयांचा युरो धरला तरी सहा लाख. तिकिटातला फरक त्यापुढे किरकोळ आहे.

बर्लिनच्या खासगी विद्यापीठाबद्दल मला काळजी वाटते. सेमिस्टर तिकीट त्या-त्या संस्थेच्या करारावर चालतं, आणि अनेक खासगी संस्थांचा असा करारच नसतो. माहितीपत्रकात ‘विद्यार्थी सवलती उपलब्ध’ असं मोघम वाक्य असतं. ती संग्रहालयाची किंवा सिनेमाची सवलत असू शकते. संस्थेला मेल करून एकच प्रश्न विचारा: डॉइचलँड-सेमेस्टरटिकट सत्र शुल्कात आहे का? ‘हो’ किंवा ‘नाही’ लेखी घ्या. ऑनलाइन किंवा अर्धवेळ अभ्यासक्रमांनाही ते बहुधा मिळत नाही. शिवाय खासगी संस्थेची वार्षिक फी तुमच्या कर्जात आधीच मोठा घास घेते.

आता हे तिकीट काय देतं आणि काय देत नाही. आरई, आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान म्हणजे शहरी लोकल, ट्राम, बस यांवर ते दुसऱ्या वर्गात बिनधास्त चालतं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. नव्या मुलांची चूक नेमकी इथे होते. आखेनहून कोलोनला जायला फोनवरचं ॲप सर्वांत आधी निघणारी गाडी दाखवतं, ती असते आयसीई. मूल धावत चढतं, तपासनीस येतो, आणि तिकीट हातात असूनही ती विनातिकीट फेरी धरली जाते. जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये फक्त स्थानिक वाहतूक दाखवण्याची खूण करायची सोय आहे. पहिल्या दिवशीच ती खूण करून ठेवायला सांगा. सायकल न्यायची असेल तर तिचं तिकीट वेगळं.

तिकीट फोनमध्ये असतं. त्यावर नाव असतं, म्हणून सोबत पासपोर्ट किंवा निवास परवाना लागतो. स्क्रीनशॉट ग्राह्य धरला जात नाही, ॲपमधलं हलतं चिन्ह तपासनीसाला दिसावं लागतं. फोनची बॅटरी संपली तर त्या क्षणी तिकीट नाही असंच समजलं जातं आणि ६० युरोंची पावती मिळते. घाबरून जागच्या जागी पैसे भरू नयेत. ठरलेल्या मुदतीत त्यांच्या काउंटरवर जाऊन त्या दिवशी वैध असलेलं नावाचं तिकीट दाखवलं की रक्कम बहुधा ७ युरोंवर येते. पॉवर बँक मात्र नाशिकहूनच आणू दे.

पालकांच्या लक्षात न येणारी आणखी एक फट म्हणजे तारखा. विद्यापीठांचं हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, उपयोजित शिक्षणाच्या होखशुलेंचं बहुधा १ सप्टेंबरला. तिकीटही त्याच तारखेपासून. मूल मात्र घर शोधायला, नोंदणी करायला १० किंवा १५ सप्टेंबरला उतरतं. मग कोणी तरी सुचवतं की ६३ चा पास घे. तो पास महिन्याचा असला तरी वर्गणी आहे, आणि बहुतेक ठिकाणी महिनाअखेरीला बंद करायचा तर १० तारखेच्या आत रद्द करावा लागतो. १५ सप्टेंबरला घेतला तर ऑक्टोबरचेही ६३ जातात, आणि ऑक्टोबरचं सेमिस्टर तिकीट तर शुल्कात भरलेलंच असतं. महिन्याच्या सुरुवातीला उतरत असेल तर घ्या आणि त्याच आठवड्यात रद्द करून टाका. मध्यात उतरत असेल तर आखेनपुरता आठवड्याचा पास बरा. विमानतळावरून आखेनला येण्याचं तिकीट वेगळं धरा. फ्रँकफुर्टहून निव्वळ प्रादेशिक गाड्या बदलत, दोन बॅगा ओढत यायला चार-पाच तास सहज जातात. पहिल्या दिवशी आयसीईचं आगाऊ स्वस्त तिकीट काढणं हाच शहाणा खर्च.

आणि तिकीट आपोआप येतं असंही नाही. शुल्क जमा झालं, आरोग्य विम्याची खबर विद्यापीठाला पोचली, नाव पटावर चढलं, विद्यापीठाचं लॉगिन सुरू झालं, की मग ॲपमध्ये तिकीट उतरतं. भारतातून पाठवलेले पैसे बँकेच्या कागदपत्रांत अडकले तर पुढचं सगळंच थांबतं. सत्राचं शुल्क मुदतीच्या दोन आठवडे आधी पाठवा.

महिन्याच्या खर्चाकडे येऊ. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. त्यातून दरमहा ९९२ सुटतात. सप्टेंबर २०२४ पूर्वी हा आकडा महिन्याला ९३४ होता, त्यामुळे जुन्या मुलांची गणितं आता वापरू नका. ९९२ मध्ये भागतं का? आखेनमध्ये भागतं, नीट राहिलं तर. स्टुडिएरेंडेनवेर्कच्या वसतिगृहात खोली मिळाली तर भाडं वीज-पाणी-हीटिंगसह साधारण ३०० ते ४००. बाहेर सामायिक फ्लॅटमध्ये, ज्याला इथे ‘वेगे’ म्हणतात, ४०० ते ५००. सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर १४५ ते १५० च्या आसपास, आणि तो तिसाव्या वाढदिवसापर्यंतच. तुमच्या मुलीचं शिक्षण त्याआधी संपेल, पण कोणाच्या ३१ वर्षांच्या मुलासाठी हे वाचत असाल तर विम्याचा आकडा बराच वाढवून धरा. जेवणाखाण्याला २०० ते २५०, स्वयंपाक स्वतः केला तर. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता सगळं मिळतं. महाग पडतं ते रोज बाहेर खाणं. दुपारी विद्यापीठाच्या मेन्सात म्हणजे खानावळीत जेवावं, तिथलं शाकाहारी ताट बाहेरच्या हॉटेलपेक्षा पुष्कळ स्वस्त असतं. फोन, इंटरनेट, कपडे धुणं, औषध, एखादा सिनेमा यांना ८० ते १००. रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क घरामागे १८.३६, टीव्ही असो वा नसो. वेगेत ते वाटून घेता येतं. सत्राचं शुल्क सहा महिन्यांत विभागलं तर महिन्याला ६० च्या आसपास. बेरीज साधारण ८०० ते १,०८० च्या दरम्यान येते.

पाहा, प्रवासाचा सगळा खर्च त्या ६० मध्येच बसला. खरी उलथापालथ भाड्यात होते. म्युनिकला नुसती खोली ८०० च्या घरात जाते, म्हणजे ९९२ मध्ये विमा भरला की हाती काही उरतच नाही. पूर्वेकडे केम्निट्झसारख्या शहरात तीच खोली ३०० ते ३५० ला मिळते. मुलं देशाची तुलना करतात, विद्यापीठाच्या क्रमवारीची तुलना करतात; शहराच्या भाड्याची तुलना करणारे फार थोडे.

म्हणूनच मला सेमिस्टर तिकिटाचं मोल वेगळं वाटतं. त्यातले वाचलेले वीस-पंचवीस युरो ठीकच, पण त्या तिकिटामुळे घर शोधायचा परीघ वाढतो. आखेनहून आरई १ ही गाडी एश्वायलर, ड्युरेन करत कोलोनला जाते. ड्युरेनला उतरायला अर्धा तासही लागत नाही. श्टोलबर्ग, हेर्त्सोगेनराथ ही गावंही गाडीने जोडलेली आहेत. अशा गावांत खोली शंभर-दीडशे युरोंनी कमी पडू शकते आणि मुख्य म्हणजे मिळते. आखेनला ऑक्टोबरच्या तोंडावर एका खोलीसाठी ढिगाने अर्ज पडतात. ड्युरेनचा घरमालक फोन तरी उचलतो. तिकीट तेच, त्यामुळे अंतर वाढलं म्हणून प्रवासखर्च एका युरोनेही वाढत नाही. रूर खोऱ्यात तर हे आणखी सोपं: एस १ लोकल डोर्टमुंड, बोखुम, एसेन, ड्युइसबुर्ग, ड्युसेलडॉर्फ एका रेषेत जोडते. ड्युसेलडॉर्फला शिकायचं आणि ड्युइसबुर्गला राहायचं, असं अनेक मुलं करतात.

पण नुसता गाडीतला वेळ बघून ठरवू नका, घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत मोजा. घरापासून स्टेशन, मग गाडी, मग आखेनच्या मुख्य स्टेशनवरून प्रयोगशाळेच्या आवारापर्यंत बस. गाडीची पंचवीस मिनिटं बघता बघता तासाभराची होतात. माझा आडाखा पाऊण तासाचा आहे. त्यापलीकडे गेलात तर प्रयोगशाळेचं काम, गटाचा प्रकल्प, संध्याकाळचा जर्मनचा वर्ग हे सगळं हळूहळू सुटू लागतं. जर्मन गाड्या घड्याळावर धावतात ही समजूतही बाजूला ठेवा. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या. प्रादेशिक गाड्यांचं बरं आहे, पण सगळं जाळं दुरुस्तीला निघालं आहे. फ्रँकफुर्ट-मानहाइम मार्ग २०२४ मध्ये पाच महिने पूर्ण बंद होता, गाडीऐवजी बस. भाडेकरार करण्याआधी त्या मार्गावर येत्या वर्षात असा मोठा बंद आहे का, एवढं पाहून घ्यावं.

रात्रीच्या प्रवासाबद्दल तुम्ही विचारलं आहे, आणि ते विचारायलाच हवं होतं. माझ्याकडे येणाऱ्या मुली उशिराच्या गाडीने जातात, आणि डब्यात त्यांना सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती उतरल्यावर. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास मिळते, पण छोट्या गावातली शेवटची बस त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असते. मग नोव्हेंबरच्या अंधारात, पावसात, वस्तीबाहेरच्या रस्त्याने पंचवीस मिनिटं चालत जावं लागतं. म्हणून बाहेरगावी घर घ्यायचंच तर स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीत घ्या, वाटेत दिवे आणि घरं आहेत ना ते संध्याकाळी जाऊन बघा, आणि शंभर युरो जास्त पडले तरी पहिलं सत्र शहरातच काढू द्या. तेवढ्यात ओळखी होतात, वेळापत्रक अंगवळणी पडतं, आणि दुसरी खोली ती स्वतः बघून निवडते.

सुरुवातीच्या रोकडीचा विचार बहुतेक कर्जांत धरलेला नसतो. घरमालक अनामत म्हणून मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत रक्कम मागू शकतो, कायद्याने तेवढी मुभा आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधून मात्र महिन्याचे ९९२ च सुटतात, आणि तेही इथलं बँक खातं उघडल्यावर. म्हणून त्याव्यतिरिक्त १,५०० ते २,००० युरो हाताशी हवेत. बँकेशी बोलताना हा आकडा वेगळा मांडा. आणि कृपा करून खोली प्रत्यक्ष किंवा ओळखीच्या माणसाकरवी बघितल्याशिवाय अनामत पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असा निरोप आला की तो फसवणुकीचाच समजा. असे पैसे गेलेल्या मुली मी समोर रडताना पाहिल्या आहेत. शिवाय घरमालकाने सहीचा रहिवास दाखला दिला नाही तर नगरपालिकेत पत्ता नोंदवता येत नाही, आणि पत्त्याशिवाय निवास परवान्याचं कामही अडतं. ‘नोंदणी होणार नाही’ अशी अट असलेली स्वस्त खोली कितीही मोहात पाडो, घेऊ नये.

अर्धवेळ कामाबद्दल थोडक्यात. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातली सहायकाची नोकरी त्यात मोजत नाहीत. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे आणि महिन्याला ६०३ युरोंपर्यंतचं ‘मिनीजॉब’ विम्याच्या मोठ्या कपातीशिवाय करता येतं. तीन वर्षांच्या अनुभवावर तुमच्या मुलीला पुढे कंपनीत विद्यार्थी-नोकरी मिळायची चांगली शक्यता आहे, जर्मन भाषा बी१ या मधल्या पातळीच्या वर येत असेल तर आणखी. पण पहिल्या सहा महिन्यांच्या अंदाजपत्रकात कामाचा एक पैसाही धरू नका. पहिल्याच महिन्यात गोदामात रात्रपाळी धरलेल्या मुलांचे विषय मागे राहतात, एक सत्र वाढतं, आणि वाढलेलं सत्र म्हणजे आणखी सहा महिन्यांचं भाडं.

शेवटच्या सत्राचंही आत्ताच लिहून ठेवते. प्रबंध ऑगस्टमध्ये जमा झाला तरी पटावर नाव ३० सप्टेंबरपर्यंत राहतं आणि तिकीटही तोवर चालतं. ऑक्टोबरपासून ती विद्यार्थिनी राहत नाही. मग प्रवास पूर्ण दराने, विमा विद्यार्थी दराने नाही, वसतिगृहाची मुदतही संपत आलेली. नोकरी शोधायचे ते महिने सर्वांत महाग पडतात. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलताना चार महिन्यांची शिल्लक त्या काळासाठी ठेवा.

तिन्ही अभ्यासक्रम तिच्या विषयाला सारखेच जुळत असतील, तर मी आखेन घेईन: प्रवेशपत्रात आकडा नसेल तर शिकवणी शुल्क नाही, तिकिटाला वयाची अट नाही, आणि भाडं आवाक्यात. श्टुटगार्टचा अभ्यासक्रम तिला खरोखरच जास्त हवा असेल तर सहा लाख जास्त धरून तिकडे जाऊ द्या, मोटारउद्योग तिथे दारात आहे. बर्लिनच्या मेलचं उत्तर येईपर्यंत तिथे आगाऊ रक्कम भरू नका.

आणि हे वाचून झाल्यावर आजच एक काम तिच्याकडून करून घ्या. स्टुडिएरेंडेनवेर्क आखेनच्या वसतिगृहाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि प्रतीक्षायादी लांब असते. व्हिसाची वाट बघत बसू नका, आणि अर्जात एकच इमारत निवडू नका, चालतील त्या सगळ्या निवडा.